उद्देशाचा रकाना

वाचनालयाच्या तळघरात जायला चौदा पायऱ्या होत्या, आणि त्या उतरलं की डाव्या हाताच्या खोलीवर पाटी दिसायची: 'दस्तऐवज पुरवठा'. पाटी वाचून निम्म्या लोकांना वाटायचं, इथे जन्माचे नाहीतर घराचे दाखले मिळतात. ते यायचे, उभं राहायला रांग शोधायचे आणि हिरमुसून परत जायचे. खरं काम साधंच होतं. कुणी घरबसल्या अर्ज केला की अमुक पुस्तकातलं तमुक प्रकरण पाहिजे, की ते पुस्तक कपाटातून काढायचं, स्कॅनरच्या काचेखाली उघडं धरायचं, पानापानाची प्रत घ्यायची आणि फाईल त्या माणसाच्या ईमेलवर पाठवून द्यायची.

बावीस वर्षं हे काम एकच माणूस करत होता. त्यांना पाठीमागे सगळे नियमराव म्हणायचे. तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना राग आला नसता. वाचकपत्रावर हेच नाव आहे का, एवढं त्यांनी तपासून घेतलं असतं.

नियम तीन होते आणि ते भिंतीवर चिकटवलेले होते. एका वाचकाला एका पुस्तकातलं एकच प्रकरण. पाठवलेली फाईल फक्त त्या वाचकाच्या स्वतःच्या वापरासाठी. आणि अर्जातला एकही रकाना रिकामा नको. त्यात 'उद्देश' हा रकानाही आला. लोक तिथे डोळे झाकून 'संशोधन' लिहायचे. पाककृतीसाठीही संशोधन आणि राशिभविष्यासाठीही संशोधन. नियमरावांना त्याचं काही वाटत नसे. रकाना भरला की झालं.

त्यांचा अभिमान दुसरीकडेच होता. दर सहा महिन्यांनी वर मुख्य ग्रंथपालबाईंकडे एक तक्ता जायचा: आलेले अर्ज, पुरवलेले अर्ज, नाकारलेले अर्ज. शेवटच्या रकान्यात बावीस वर्षं शून्य होतं. पुस्तक चुकीच्या कपाटात असो, अर्धं वाळवीने खाल्लेलं असो, नियमराव ते शोधून काढून पाठवत. "ह्यांनी आजवर कुणालाच नाही म्हटलेलं नाही," असं त्यांची बायको कौतुकाने पाहुण्यांना सांगायची, आणि पाहुणे जरा लांब गेले की पुढे म्हणायची, "मला सोडून."

आणखी एक गोष्ट होती. बावीस वर्षांत त्यांनी स्कॅन केलेल्या पुस्तकातली एक ओळही वाचली नव्हती. पानाचे चार कोपरे आणि पानाचा आकडा, एवढंच ते बघायचे. मिठाईवालाच मिठाई खायला बसला तर दुकान चाललं, असं त्यांचं मत होतं.

एका मंगळवारी एक अर्ज आला. पुस्तक म्हणजे एक जाडजूड रहस्यकादंबरी. तिचं मुखपृष्ठ केव्हाच गळून पडलं होतं, त्यामुळे तिचं नाव आता फक्त नोंदवहीलाच ठाऊक होतं. सत्तावीस प्रकरणं. छपाई बंद झालेली, प्रत एकुलती एक, म्हणून घरी न्यायला बंदी. हवं होतं दहावं प्रकरण. अर्जदार एक बाई, आणि उद्देशाच्या रकान्यात संशोधन नव्हतं. तिथे लिहिलं होतं:

'नवऱ्याची कटकट थांबवणे, स्टुलावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन नीट झालं, नऊ प्रकरणं तुमच्याकडे बसून वाचली होती, आता दहाव्यासाठी माझा जीव खातायत'

नियमरावांनी पुस्तक उघडलं आणि नवरा कोण ते त्यांना लगेच कळलं. पहिल्या नऊ प्रकरणांत पानोपानी कडेला बारीक दुमड होती, नखाने दाबलेली. हे टेलरमास्तरांचं काम. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून ते रोज दुपारी वाचनकक्षात खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, आणि वाचता वाचता कापडाची शिवण दाबावी तशी पानाची कड दाबायचे. नियमरावांनी त्यांना तीनदा समज दिली होती. तिन्ही वेळा मास्तर म्हणाले होते, "हात आहेत हो, त्यांना काय माहीत पुस्तक आहे म्हणून." गेले तीन आठवडे नवी दुमड दिसली नव्हती आणि नियमराव मनातल्या मनात खूश होते. आता त्यांना त्या खुशीची लाज वाटली.

त्यांनी दहावं प्रकरण पाठवलं. खाली 'शेरा' म्हणून एक रकाना होता, तो फक्त त्यांनी भरायचा. त्यात लिहिलं: 'प्रत केवळ अर्जदाराच्या स्वतःच्या वापरासाठी आहे, याची नोंद घ्यावी.'

दुसऱ्या दिवशी अकराव्या प्रकरणासाठी मास्तरांच्या मोठ्या मुलाचा अर्ज आला. अगदी नवंकोरं वाचकपत्र. उद्देश: 'स्वतःच्याच वापरासाठी, मोठ्याने वाचायची सवय आहे, वडील त्याच खोलीत झोपलेले असतात, त्यांच्या कानांचं काय करू ते कळवावं'

अर्ज मुलाचा असला तरी लिहिणारा हात कालचाच होता. कुठे पूर्णविराम म्हणून नाही, नुसते स्वल्पविराम. नियमरावांनी नियमपुस्तिका आडवी-उभी वाचून काढली. कानांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्यांनी फाईल पाठवली आणि शेऱ्यात लिहिलं: 'कानांना हरकत नाही.'

मग जी रांग लागली ती लागलीच. सून, धाकटा मुलगा, मुलगी, जावई, व्याही, विहीणबाई. दर दिवसाआड एक नवा वाचक आणि एक नवं प्रकरण. वर मुख्य ग्रंथपालबाई हरखून गेल्या होत्या. दर्शनी भागात त्यांनी 'चला, वाचक होऊया' असा फलक लावला होता आणि त्याचाच हा परिणाम, अशी त्यांची खात्री पटली होती. सगळे नवे वाचक एकाच गोतावळ्यातून कसे उगवले, हे नियमरावांनी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

प्रत्येक अर्जाबरोबर त्या घराची खबर तळघरात येत होती. अर्ज सगळे मास्तरांची बायको, म्हणजे काकूच टाइप करायच्या, एका बोटाने. मास्तर पलंगावरून 'संशोधन लिही' म्हणून सांगायचे, आणि चष्म्याशिवाय त्यांना पडद्यावरचं दिसत नसल्यामुळे काकू त्यांना हवं ते लिहायच्या. ज्याच्या नावावर प्रकरण, त्याने येऊन ते मोठ्याने वाचून दाखवायचं, असा घरात दंडक पडला होता. व्याही वाचताना प्रत्येक पात्राला आपलं मत ऐकवायचे. जावयाला फक्त पंधरावं प्रकरण माहीत होतं, पण खुनी कोण हे तो छातीठोकपणे सांगत होता. न्हाव्याने विसावं प्रकरण मास्तरांची दाढी करता करता वाचलं आणि ऐन पाठलागात वस्तरा थांबवून म्हणाला, "आता हलू नका, मलाच भीती वाटतेय."

एकविसावं प्रकरण शेजारणीच्या नावावर गेलं आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार आली. बावीस वर्षांतली पहिली. 'पान दोनशे अकरा, शेवटच्या ओळीवर तुमचा अंगठा आहे, दुकानातून बाहेर पडताना मी ज्याला पाहिलं तो म्हणजे, इथपर्यंत वाचता आलं, पुढे अंगठा, काल रात्रीपासून घरात कुणी जेवलेलं नाही'

नियमरावांची कानशिलं तापली. पुस्तकाची बांधणी ताठ, पान उलटू नये म्हणून त्यांनी अंगठ्याने दाबलं होतं, आणि अंगठा काचेखाली राहून गेला होता. त्यांनी पान पुन्हा स्कॅन केलं. पण अंगठा नेमका गेला की नाही हे बघायचं तर शेवटची ओळ वाचणं भाग होतं. त्यांनी ती वाचली. मग ती कळावी म्हणून तिच्या आधीची वाचली. मग पान. दुपारचा चहा गार झाला तेव्हा ते एकविसावं प्रकरण संपवून बसले होते आणि कादंबरीतल्या घड्याळजीला कुणी मारलं हा प्रश्न त्यांच्या मानगुटीवर बसला होता.

तिथून पुढे ते स्कॅन करता करता वाचू लागले. मात्र एक पथ्य त्यांनी पाळलं: अर्ज आल्याशिवाय पुढचं प्रकरण उघडायचं नाही. अर्जच नाही तर पुस्तक काढायचा अधिकार कुठला? त्यामुळे सकाळी कचेरीत आल्या आल्या ते ईमेल बघायला धावायचे, आणि बायको म्हणायची, "कुणाचं एवढं पत्र यायचंय?"

चोविसाव्या प्रकरणाचा अर्ज मास्तरांना व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईच्या नावावर होता. या वेळी रकाना शेवटपर्यंत भरलेला होता:

'भाऊ, एक बोलायचंय, हाड जुळलंय, डॉक्टर म्हणतात उभे राहा, चाला, आत्ता नाही चाललात तर पुढे कधीच नाही, हे उठतच नाहीत, घाबरलेत, पुन्हा पडू म्हणून, कबूल करत नाहीत, म्हणतात कशाला उठू, सगळं इथे येतंय की, लोक येतात, वाचून दाखवतात, राजासारखे पडून असतात, तुमची सेवा फार चांगली आहे हो, तोच घोळ झालाय'

नियमरावांनी हे दोनदा वाचलं. पुस्तक काचेखाली उघडंच राहिलं. बावीस वर्षांत त्यांच्या कामाची कुणी इतकी स्तुती केली नव्हती, आणि कुणी इतकं तोंडात मारल्यासारखंही बोललं नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी तीनदा लिहून तीनदा खोडलं. शेवटी लिहिलं: 'वाचले.'

पंचविसावं गेलं. सव्विसावं मेहुण्याच्या नावावर गेलं, आणि त्यात पोलीस अधिकारी सगळ्या संशयितांना त्या दुकानात गोळा करतो, घड्याळांना चावी देतो आणि म्हणतो, आता ऐका. तिथे प्रकरण संपलं. नियमरावांना त्या रात्री धड झोप लागली नाही.

मग सत्ताविसाव्याचा अर्ज आला. तो खुद्द मास्तरांच्या नावावर होता. शेवट आपल्या नावाने मागवायचा म्हणून त्यांनी स्वतःचं वाचकपत्र जपून ठेवलं होतं. उद्देशाच्या रकान्यात काकूंची एकच ओळ होती:

'भाऊ, हा अर्ज नाकारा'

नियमराव खुर्चीत मागे टेकले. नाकारा म्हणणं सोपं होतं. अर्ज नियमात चोख बसत होता. वाचक जुना, प्रकरण एकच, रकाने सगळे भरलेले. असा अर्ज नाकारणं म्हणजे नियमाचीच फसवणूक. आणि शेवटच्या रकान्यातलं ते शून्य! चार वर्षांत निवृत्ती होती. ते शून्य घेऊन घरी जायचं, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती.

त्यांनी नियमपुस्तिका काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. दुपारी चौदाव्या कलमाशी त्यांचं बोट थांबलं. 'पुस्तक वाचनकक्षात प्रत्यक्ष वाचनासाठी राखून ठेवलेले असल्यास, त्या मुदतीत त्याची प्रत पुरवता येणार नाही. मुदत आठ दिवस. मागणी दूरध्वनीवरून घरच्या व्यक्तीने केली तरी चालेल.'

त्यांनी फोन लावला. बावीस वर्षांत त्यांनी वाचकाला स्वतःहून कधी फोन केला नव्हता.

"काकू, दस्तऐवज पुरवठ्यातून बोलतोय."

"अगंबाई," काकू एकदम कुजबुजल्या. मागून मास्तरांचा आवाज आला, "कोण आहे? आलं का सत्ताविसावं?" काकू मोठ्याने म्हणाल्या, "दूधवाला!"

"काकू, मी विचारतो, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा. सदर पुस्तक मास्तरांच्या नावाने वाचनकक्षात राखून ठेवायचं आहे का?"

काकूंना टाइप करायला वेळ लागायचा, समजायला लागला नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "उद्यापासून एक लिटर जास्त."

त्या दुपारी नियमरावांनी पहिला नकार पाठवला. 'सदर पुस्तक एका वाचकाने प्रत्यक्ष वाचनासाठी राखून ठेवले असल्याने प्रत पुरवता येत नाही. वाचक: आपण स्वतः.' तक्त्यात त्यांनी 'नाकारलेले' खाली एक आकडा घातला. त्यापुढे कारणाचाही एक रकाना होता, आजवर कधी न लागलेला; तो पेन्सिलीनेसुद्धा भरायचा धीर झाला नाही. तो तसाच रिकामा राहिला.

मास्तरांनी रान उठवलं. त्यांनी थेट मुख्य ग्रंथपालबाईंना फोन लावला. बाईंनी नियमरावांना वर बोलावलं.

"तुम्ही? नकार?"

"कलम चौदा, बाई."

"ते म्हणतायत, मी काही राखून ठेवलेलं नाही."

"त्यांच्या घरून मागणी आलीय. नोंद आहे."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत या माणसाचे कान लाल झालेले त्यांनी पाहिले नव्हते. "आठ दिवसांनी?" त्यांनी विचारलं.

"आठव्या दिवशी सहा वाजेपर्यंत आले नाहीत, तर नियमाने फाईल पाठवावीच लागेल."

आता त्या पुस्तकासाठी काकूंकडे एकही वाचकपत्र उरलं नव्हतं. पण वाचनालयात इतर पुस्तकं कमी होती का? दुसऱ्या दिवशी काकूंचा अर्ज आला: 'गुलाबाची निगा', प्रकरण पहिलं. उद्देश: 'पलंगावरून पाय खाली सोडले, तुम्हाला शिव्या देता याव्यात म्हणून, बसून नीट देता येतात म्हणाले'

नियमरावांनी गुलाबाची निगा इमानदारीने स्कॅन केली. तिसऱ्या दिवशी सुनेच्या नावाने 'घरगुती विहिरींची दुरुस्ती'. उद्देश: 'वॉकर धरून दारापर्यंत, दाराला लाथ मारायला गेले होते, पण पाय उचलला ना'. चौथ्या दिवशी 'मधमाश्यांचे आजार': 'तीन पायऱ्या उतरले, चढताना रडले, मी बघितलं नाही असं दाखवलं'. हे वाचून नियमरावांनी चष्मा काढून पुसला. शेऱ्यात लिहिलं: 'मधमाश्या पाठवत आहे. मास्तरांना सांभाळा.' असला शेरा त्या रकान्यात आजवर पडला नव्हता.

पाचव्या दिवशी काही आलं नाही. सहाव्या दिवशीही नाही. सातव्या दिवशी नियमराव दर पाच मिनिटांनी ईमेल उघडत होते आणि घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नव्हतं. पडले तर नसतील? पडले असतील तर आपल्या कलम चौदाने पडले. फोन करावा असं दहादा मनात आलं, आणि ऐकायला काय मिळेल या भीतीने दहादा रिसीव्हर खाली ठेवला.

आठव्या दिवशी पाच वाजता त्यांनी पुस्तक वाचनकक्षात खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि जवळच उभे राहिले. सव्वापाच. साडेपाच. पावणेसहाला त्यांनी पुस्तक उचललं. नियम म्हणजे नियम, खाली जाऊन स्कॅनर सुरू करायला हवा होता.

तेवढ्यात दाराशी ठक असा आवाज आला. मग पाय घासल्याचा. मग पुन्हा ठक.

वाचनकक्षात साधं खोकलं तरी दहा माना वळायच्या. आता सगळ्या माना वळल्या, पण शुक् कुणी केलं नाही. वॉकर पुढे, मागे मास्तर, घामाने निथळलेले, इस्त्रीच्या शर्टात. त्यांच्या मागे काकू, दोन्ही हात हवेत धरून, आणि काकूंच्या मागे मुलगे, सुना, जावई, न्हावी आणि व्यायामवाली बाई.

"दोन दिवस जिन्याची तालीम करत होतो," मास्तर धापा टाकत म्हणाले. "कुठाय तो राखून ठेवणारा?"

नियमरावांनी पुस्तक पुढे केलं. एवढंच म्हणाले, "पंधरा मिनिटं आहेत."

"एकोणीस पानं आहेत!"

"मग बसा की लवकर."

मास्तर खुर्चीत बसले. सहा वाजले, पण मुख्य ग्रंथपालबाई स्वतः दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी दिवे मालवू दिले नाहीत. मास्तर वाचत होते, नखाने कडा दाबत होते. नियमरावांना ते दिसत होतं. त्यांनी समज दिली नाही.

शेवटचं पान संपलं. मास्तरांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि काकूंकडे पाहिलं. काकू छताकडे बघत होत्या.

"चाळीस वर्षं रहस्यकादंबऱ्या वाचतोय मी," मास्तर म्हणाले. "आणि माझ्याच घरात दूधवाला भर दुपारी फोन करतो, तरी मला कळलं नाही."

सगळे हसले. नियमरावांना मात्र आता राहवेना. सगळे नियम बाजूला ठेवून ते वाकले आणि हळूच विचारलं, "मास्तर, कोण होता हो?"

मास्तरांनी वॉकर ओढला, दोन्ही हातांनी धरला आणि कुणाचा आधार न घेता उभे राहिले. मग म्हणाले, "उद्देश काय?"

ते गेल्यावर नियमराव चौदा पायऱ्या उतरून खाली आले. त्यांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा एक कोरा अर्ज स्वतःच्या नावाने भरायला काढला. पण त्याआधी तक्ता समोर ओढला. 'नाकारलेले: एक' पुढचा कारणाचा रकाना अजून रिकामा होता. तिथे कलम चौदा लिहायला हवं होतं. नियमरावांनी पेनाचं टोपण काढलं आणि ठळक, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'वाचक चालत आला.'